चार दिवसांचा विस्तव

एडिसन, न्यू जर्सी
सोमवार, १२ नोव्हेंबर २००७

चि. रेणूस अनेक आशीर्वाद.

येथील मंडळाच्या दिवाळी अंकात अतुलने तुझ्या आईवर लेख लिहिला आहे. प्रत सोबत पाठवीत आहे. लेखकाचा हेतू चांगला आहे. माहिती मात्र जागोजागी चुकलेली आहे. मृत माणसाला आपल्याविषयीच्या चुका दुरुस्त करता येत नाहीत, म्हणून ते काम जिवंत नातेवाइकांनी करावयाचे असते. माझ्या दुरुस्त्या खालीलप्रमाणे आहेत. त्या तपासून तुझी संमती कळव, म्हणजे मी त्या अतुलकडे पाठवीन.

सुलेखाचे निधन 'डिसेंबर २००३च्या अखेरीस' झाले नाही. ते मंगळवार, ६ जानेवारी २००४ रोजी सकाळी सव्वाअकरा वाजता झाले. त्या वेळी तिचे वय चौसष्ट नव्हते, सहासष्ट होते.

ज्या लोकांमध्ये ती अखेरचे दीड वर्ष राहिली, त्यांना अतुलने 'सू जमातीचे रेड इंडियन' म्हटले आहे. ते क्री लोक होत. मोंटॅनाच्या उत्तरेस, बेअर पॉ डोंगरांच्या कुशीत, त्यांचे राखीव क्षेत्र आहे आणि तेथील दवाखान्यात तू डॉक्टर आहेस, एवढे त्याने एक फोन केला असता तरी कळले असते.

हे लोक 'कातडी तंबूंत' राहत नाहीत. त्यांची घरे सरकारी बांधणीची आहेत आणि बहुतेक दारांपुढे पिकअप गाडी उभी असते. तुझी शेजारीण अ‍ॅग्नेसबाई ही 'टोळीची वृद्ध राणी' नाही. ती शाळेची बस चालवून निवृत्त झालेली बाई आहे. सगळे तिला 'कोकम' म्हणतात, कारण तिकडे आजीला तसे म्हणतात.

आणि सुलेखासाठी अंगणात जो विस्तव लावला होता, त्यात चंदन नव्हते. कॉटनवूड आणि पाइन ही लाकडे होती. मोंटॅनात चंदन कोठून येणार?

बाकी मजकूर सामान्यतः ठीक आहे.

थंडी वाढली असेल. प्रकृतीस जप. विनयला आशीर्वाद.

तुझा,
गुरुनाथमामा


बॉक्स एल्डर, मोंटॅना
२१ नोव्हेंबर २००७

ती. मामा, नमस्कार.

तुमचं पत्र क्लिनिकच्या लंच ब्रेकमध्ये वाचलं आणि खूप दिवसांनी मोठ्यानं हसले. 'टोळीची राणी' हे कोकमला इंग्लिशमध्ये सांगितलं. ती म्हणाली, "मी राणी असते तर त्यांनी मला हीटर चालणारी बस दिली असती." मी तुम्हाला फोनवर सांगायचे ते आठवतं का, आईला तिच्या नावाची किती मजा वाटायची? उन्हाळ्यात दोघी मिळून चोकचेरीची फळं दगडानं बियांसकट ठेचायच्या, चपट्या वड्या करून छपरावर वाळवायच्या. आई म्हणायची, "आमच्याकडे देवरुखला कोकम उन्हात वाळवतात, इथे कोकमच उन्हात बसून दुसरंच काही वाळवते."

मामा, तुम्ही अतुलदादाच्या इतक्या चुका काढल्यात आणि सगळ्यात मोठी तशीच सोडलीत. त्यानं लिहिलंय, 'चार दिवस अखंड तेवलेल्या त्या अग्नीनं सुलेखाताईंना वाट दाखवली.' अखंड नाही तेवला. शुक्रवारी माझ्या पाळीत मी खुर्चीतच झोपले, बर्फ पडला आणि तो विझला. मला लागेल म्हणून सोडलंत ना? सोडू नका. तुम्हीच म्हणता ना, चुका दुरुस्त करायला हव्यात म्हणून.

कोकमच्या घराण्यातली रीत तुम्हाला तेव्हा तिनं सांगितलीच होती. माणूस गेल्यावर चार दिवस विस्तव जागता ठेवायचा, ताटात जेवण वाढायचं, त्यातला घास विस्तवाला द्यायचा. त्या उजेडात माणूस पुढे जातो. विझला तर वाट दिसत नाही, तो मागे वळतो. आईसाठी तर तिनं मण्यांची फुलं भरलेले मऊ कातड्याचे मोकॅसिनसुद्धा शिवले होते, लांब चालायचंय म्हणून. ते पायात घालूनच आपण तिला दहनाला नेलं.

मी हे कुणाला लिहिलेलं नाही. आई गेलेली नाही, मामा. ताजा बर्फ पडला की दुसऱ्या दिवशी विस्तवाच्या जागेपासून माझ्या किचनच्या दारापर्यंत पावलं असतात. टाच न उठलेली, मऊ तळव्याची. येणारीच असतात. परत जाणारं एकही नसतं. दुपारी मागच्या शेडमधून दगडावर दगड आपटल्याचा आवाज येतो, ठेचल्यासारखा. कोकमचा कुत्रा त्या जागेच्या कडेला जाऊन शेपूट हलवतो आणि वर बघतो, साधारण आईच्या खांद्याइतकं वर. मी डॉक्टर आहे. ब्लड टेस्ट केल्या, झोपेच्या गोळ्या बंद केल्या, हॅव्हरला जाऊन स्पेशालिस्टला भेटून आले. सगळं नॉर्मल आहे. पावलं आहेतच.

व्हिसासाठीचा माझा तीन वर्षांचा करार दोन वर्षांपूर्वीच संपला. विनय बॉथेलहून दर दोन महिन्यांनी येतो. मागच्या वेळी म्हणाला, "रेणू, यार, मी बायकोशी लग्न केलंय की रिटर्न तिकिटाशी?" मग हसला नाही. तिथल्या एका हॉस्पिटलनं मला एक फेब्रुवारीपासून घेतलंय. मी नाही गेले तर "मला पुढचा विचार करावा लागेल," असं तो म्हणतो. त्याचं चूक नाही. पण तिला इथे अंगणात एकटी सोडून मी कशी जाऊ? माझ्यामुळे अडकलीय ती.

कोकम म्हणते यावर उपाय एकच. ज्याच्या हातून विझला त्यानंच माणूस गेल्याच्या तारखेला तो पुन्हा लावायचा आणि काय झालं ते विस्तवापुढे मोठ्यानं सांगायचं. मी २००५ मध्ये केलं, २००६ मध्येही केलं. चार चार दिवस बसले. "मी झोपले होते" असं सांगितलं. काही झालं नाही. दोन्ही वेळा कोकम माझ्याकडे अशी बघत होती, जशी मी पेशंटकडे बघते तो चुकीच्या जागी दुखतंय म्हणून सांगतो तेव्हा.

तुमची,
रेणू


एडिसन, न्यू जर्सी
बुधवार, २८ नोव्हेंबर २००७

चि. रेणूस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. दोनदा वाचले.

तू अतिश्रमाने थकलेली आहेस. आईचे जाणे, परका मुलूख, सहा महिन्यांचा हिवाळा आणि नवऱ्यापासून दूर राहणे, एवढ्यावर कोणाचेही मन पावले उमटवील. पावले कोल्ह्याची किंवा शेजारच्या मुलांची असू शकतात. कुत्रा कोणाकडे पाहून शेपूट हलवतो, याला पुरावा म्हणता येत नाही. अ‍ॅग्नेसबाईंबद्दल मला आदर आहे. परंतु त्यांच्या घराण्याची रीत ही त्यांच्या माणसांसाठी आहे. ती आपल्या माणसांना लागू होतेच, असे मानण्यास आधार नाही. तू निःशंक मनाने बॉथेलला जावेस, असा माझा सल्ला आहे. विनय सरळ मुलगा आहे. त्याला आणखी थांबवू नकोस.

विस्तवासंबंधीची दुरुस्ती अतुलला कळवू नये, असे मला वाटते. लेख सुलेखावर आहे, विस्तवावर नव्हे. तू झोपलीस यात तुझा अपराध नाही. तू तीन दिवस धड झोपली नव्हतीस. घोंगडी गुडघ्यांवरून घसरून तुझ्या पायांशी पडली होती, इतकी तू गाढ झोपेत होतीस.

तुझ्या पत्रातील एका विधानाची दुरुस्ती मात्र केली पाहिजे. शुक्रवार, ९ जानेवारी रोजी बर्फ पडला नाही. बर्फ मी पोहोचण्यापूर्वीच, बुधवारी सकाळी थांबला होता आणि त्यानंतर शनिवारी दुपारपर्यंत आकाश निरभ्र होते. माझ्या रोजनिशीत तशी नोंद आहे.

नकुल आणि सूनबाई खुशाल आहेत. ओकट्री रोडवर नवे पुस्तकांचे दुकान निघाले आहे, असे नकुल सांगत होता. जाऊन पाहिले. पुस्तके नव्हती, अगरबत्त्या होत्या.

तुझा,
गुरुनाथमामा


बॉक्स एल्डर
५ डिसेंबर २००७

मामा,

मग विस्तवावर बर्फ कुठून आला?

तुमचं पत्र आल्यापासून मी एवढाच विचार करतेय. मी जागी झाले तेव्हा निखाऱ्यांवर पांढरा ढीग होता, चांगला गुडघाभर. ब्लँकेटवर एक कण नव्हता. केसांवर नव्हता. चार वर्षं हे माझ्या डोळ्यांसमोर आहे आणि मी ते बघितलंच नाही, कारण मी फक्त 'मी झोपले, मी झोपले' एवढंच म्हणत होते.

काल कोकमकडे गेले. विचारायचं असेल तर रिकाम्या हातानं जायचं नसतं, आधी तंबाखू द्यायचा. मी पुडी पुढे केली. तिनं घेतली नाही. पहिल्यांदाच. म्हणाली, "हा प्रश्न माझ्या दारी आणू नकोस." मी म्हटलं, तुला माहीत आहे का? तर म्हणाली, "बर्फात फावड्याच्या खुणा मी त्याच दुपारी पाहिल्या. पडलेल्या बर्फाला सरळ कडा नसते." मग इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस, दोनदा मला थंडीत बसू का दिलंस, असं मी ओरडलेच तिच्यावर. ती बॅनक भाजत होती. तवा उतरवला, पोळीसारखी ती जाड भाकरी फडक्यात बांधून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "दुसऱ्याची गोष्ट मी सांगितली तर ती त्याला कधी सांगताच येणार नाही. तू बसलीस ते तुझ्या आईजवळ बसलीस. ते वाया गेलं नाही."

आपल्याकडे त्या दुपारी तीनच माणसं होती. मी खुर्चीत. कोकम तिच्या घरात, जेवण करत. आणि तुम्ही.

माझं ब्लँकेट पायांशी पडलं होतं, हे तुम्हाला कसं माहीत? मी उठले तेव्हा ते माझ्या गळ्यापर्यंत होतं. कुणीतरी नीट पांघरलं होतं.

रेणू


एडिसन, न्यू जर्सी
बुधवार, २६ डिसेंबर २००७

चि. रेणूस,

आशीर्वाद लिहिण्याचा अधिकार आज मला नाही, म्हणून लिहीत नाही.

विस्तव मी विझवला. फावड्याने सात वेळा बर्फ टाकला. वेळ दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटे. त्यानंतर फावडे शेडच्या भिंतीस टेकवून ठेवले आणि तुला घोंगडी पांघरली. नंतर घरात जाऊन बसलो. तू रडत आत आलीस आणि म्हणालीस, "मामा, माझ्यामुळे विझला." मी म्हणालो, "असू दे." त्या दोन शब्दांत मी माझा अपराध तुझ्या नावावर केला आणि चार वर्षे तो तेथे राहू दिला. अतुलने 'अखंड तेवला' असे लिहिले, तेही माझ्याच सांगण्यावरून. येथील शोकसभेत मीच तसे सांगितले होते. म्हणून त्याच्या लेखातील ती एक चूक मी काढली नाही. ती त्याची नव्हती.

का विझवला, हे सांगणे अधिक कठीण आहे. तीन आठवडे मी हे पत्र लिहीत आहे.

फेब्रुवारी १९९३ मध्ये सुलेखाने पुण्याहून मला देवरुखला पत्र लिहिले होते. ती लहानपणापासून मला लिहीत असे आणि मी तिची पत्रे लाल शाईने तपासून परत पाठवीत असे. ती हसून घेई. निदान मी तसे समजत होतो. ते पत्रही मी तपासले. एकोणीस चुका निघाल्या. खाली 'घाईत लिहिलेले दिसते. पुन्हा लिहून पाठव' असा शेरा देऊन परत पाठवले. तुझ्या वडिलांना डॉक्टरांनी दोन आठवडे दिले आहेत, दादा तू ये, असे त्या पत्रात लिहिलेले होते. माझ्या डोळ्यांखालून ते शब्द गेले होते. 'दोन आठवडे' हे तिने जोडून लिहिले होते, ते मी तोडले. मी पत्र वाचले नव्हते, तपासले होते.

तुझे वडील गेल्याची तार आली, तेव्हा मी एका व्याकरणाच्या पुस्तकाची मुद्रिते तपासत होतो. गेलो नाही. त्यानंतर अकरा वर्षांत तिने मला एक ओळही लिहिली नाही आणि मीही लिहिली नाही. ती अमेरिकेत आली, मी अमेरिकेत होतो; फोनवर तू मध्ये असायचीस. मी प्रत्येक वर्षी ठरवीत असे की पुढच्या वर्षी जाईन. तू फोन केलास, तेव्हा मी जे विमान पकडले ते तिच्या प्रेताला भेटण्यासाठी.

अ‍ॅग्नेसबाईंनी गुरुवारी मला विस्तवापुढे बसवले. त्यांनी मला 'मास्तर' म्हटले आणि एकेक गोष्ट सांगितली. विस्तव मंदावू देऊ नका. तिला हाका मारू नका. ती तिच्या माणसांकडे निघाली आहे. उत्तरेला आकाशात हिरवा उजेड हलतो, तेव्हा तेच लोक नाचत असतात. विस्तव गेला तर ती वळून पाहील.

रेणू, तू त्या रीतीवर प्रेमाने विश्वास ठेवलास. मी शब्दशः ठेवला. मी जन्मभर नियम मानीत आलो. हाही नियम मानला. तिने वळून पाहावे, एवढेच मला हवे होते. शुक्रवारी दुपारी मी त्या ज्वाळांकडे पाहत होतो आणि दुसऱ्या दिवशी ती कायमची जाणार होती. क्षमा मागण्यास एक दिवस उरला होता आणि ती पाठमोरी होती.

ती वळली, यात शंका नाही. पण माझ्याकडे आली नाही. चार वर्षे मी येथे रोज दुपारी टेबलाशी बसून वाट पाहिली. एकही पाऊल नाही, एकही आवाज नाही. ती तुझ्या दारात उभी राहिली. मी मागच्या पत्रात कोल्हा आणि मुले लिहिली, ती मत्सराने लिहिली.

आता तू सांगशील ते करीन.

गुरुनाथ


बॉक्स एल्डर
३१ डिसेंबर २००७
(कुरिअरनं)

मामा,

ते लाल पत्र मी पाहिलंय. मी सतरा वर्षांची होते. आई म्हणाली, "दादाचं उत्तर आलं," आणि बाबांच्या उशाशी ठेवलं. बाबांनी विचारलं, काय लिहितो? ती म्हणाली, "लवकर येतो म्हणतो." तुमच्यासाठी ती खोटं बोलली. तुम्ही मला खोट्यात ठेवलंत. आत्ता मला तुमच्याशी याहून जास्त बोलता येणार नाही.

सहा जानेवारीला इथे या. नकुलदादाला मी फोन केलाय, तिकीट त्यानं काढलंय. ग्रेट फॉल्सला उतरा, विनय घ्यायला येईल. तुमच्या वयात एवढ्या थंडीत यावं असं मी डॉक्टर म्हणून कुणाला सांगणार नाही. तुम्हाला सांगतेय.

कोकमसाठी तंबाखू आणा. तिला सांगितलं तुम्ही येताय. ती एवढंच म्हणाली, "बरं. मास्तरांना म्हणावं, लोकरीचे मोजे दोन जोड."

रेणू


बॉथेल, वॉशिंग्टन
२४ फेब्रुवारी २००८

ती. मामा, नमस्कार.

इथे येऊन तीन आठवडे झाले. हॉस्पिटल मोठं आहे, कुणी कुणाच्या आजीची चौकशी करत नाही, त्याची सवय करतेय. इथे बर्फ नाही, नुसता बारीक पाऊस. खिडकीखालची माती रोज सकाळी बघते. काही नसतं. विनय म्हणतो, "आता तरी पडदे बंद ठेवशील?" ठेवते.

तुमच्यावरचा राग गेला का, असं तुम्ही निघताना विचारलंत. सगळा नाही. पण त्या चार दिवसांत तुम्ही खुर्ची न घेता लाकडाच्या ओंडक्यावर बसलात, कोकमनं वाढलेलं ताट स्वतःच्या हातानं विस्तवाला दिलंत, आणि पहिल्याच दुपारी तिच्या दोन्ही मुलांसमोर, विनयसमोर, माझ्यासमोर जे मोठ्यानं सांगितलंत, ते मी विसरणार नाही. मराठीत सांगितलंत. मी कोकमला ट्रान्सलेट करायला लागले तर तिनं मला हातानं थांबवलं. "मला नाही सांगत आहेत ते," म्हणाली.

गुरुवारी पहाटे शेडमधला आवाज थांबला. मी किचनमध्ये होते. आवाज थांबला की कळतं, तसं कळलं. नंतर ती चार दिवसांची राख निवली, त्यावर थोडा बर्फ पडला आणि सकाळी पावलं होती. दारापासून निघून विस्तवाच्या जागेपर्यंत. जाणारी. मामा, मी दारातच बसून राहिले. कुत्रा आला आणि माझ्याजवळ येऊन झोपला, तिकडे बघितलंसुद्धा नाही त्यानं.

एक विचारायचं होतं. गुरुवारी दुपारी विस्तव विझू द्यायचा आणि मागे न बघता घरात यायचं, असं कोकमनं सगळ्यांना सांगितलं होतं. आम्ही आलो. तुम्ही मिनिटभर उशिरा आलात. कोकम तुमच्याकडे बघून एकच वाक्य बोलली आणि तुम्ही मान हलवलीत. ती काय म्हणाली? तुम्ही मागे थांबून काय केलंत?

अतुलदादाला दुरुस्त्या आता पाठवा. सगळ्या.

तुमची,
रेणू


एडिसन, न्यू जर्सी
रविवार, ९ मार्च २००८

चि. रेणूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रातील प्रश्नाचे उत्तर देतो.

मी नाव घेतले. नाव घेऊ नये, हाक मारू नये, हे मला दोनदा सांगितलेले होते. चार दिवस मी एकही नियम मोडला नाही. पायांची बोटे बधिर झाली तरी जागचा हललो नाही. क्षमा पहिल्याच दिवशी मागून झाली होती. शेवटी राखेतून नुसता धूर येत होता, तुम्ही सगळे दाराकडे चालला होता आणि मला फक्त आत यायचे होते. मी वळलो आणि म्हणालो, "सुलू." लहानपणी देवरुखला शाळेतून येताना ती मागे राहिली की मी ज्या आवाजात म्हणत असे, त्याच आवाजात. ठरवून नव्हे, इतकेच सांगू शकतो. आणि तेही खरे आहे की नाही, याची मला खात्री नाही.

अ‍ॅग्नेसबाई म्हणाल्या, "तुमच्या भाचीचं घर आता मोकळं आहे. तुमचं तुम्ही बघा, मास्तर." मी मान हलवली ती समजले म्हणून. त्यांच्या स्वरात राग नव्हता. मला निरोप देताना त्यांनी चोकचेरीच्या वड्या दिल्या, त्या वाळलेल्या मांसापासून वेगळ्या बांधलेल्या होत्या. मी मांस खात नाही, हे त्यांनी लक्षात ठेवले होते.

सोमवार, १४ जानेवारी रोजी दुपारी मी टेबलाशी बसलो होतो. खुर्चीच्या मागे कोणी येऊन उभे राहिले. मी वळलो नाही. मी जे लिहीत होतो, ते वाचण्यास जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ते माणूस तेथे होते. नंतर दगडावर दगड आपटावा तसा एक आवाज आला, स्वयंपाकघरातून. सूनबाई त्या वेळी कामावर असते. तेव्हापासून रोज. ती बोलत नाही. मी काही विचारत नाही. दुपारी दोननंतर मी लाल शाईची बाटली टेबलावर ठेवीत नाही.

तू घाबरू नकोस, आणि येथे विस्तव लावण्याची गोष्ट काढू नकोस. नकुललाही सांगू नकोस. तुझ्यावर जे लादले गेले होते, ते आता ज्याचे त्याच्याकडे आले आहे.

अतुलकडे खालील तारखा पाठवीत आहे. शेवटच्या दोन त्याच्यासाठी नाहीत.

३ मार्च १९९३. सुलेखाचे पती पुणे येथे वारले. बंधू गुरुनाथ यांना तत्पूर्वी पत्राने कळवले होते. ते गेले नाहीत.

मंगळवार, ६ जानेवारी २००४. सुलेखाचे निधन. लेखातील 'डिसेंबर' चूक. त्याच दुपारी अ‍ॅग्नेसबाईंनी अंगणात विस्तव लावला.

बुधवार, ७ जानेवारी २००४. सायंकाळी गुरुनाथ पोहोचले. लेखात ते 'प्रथमपासून अग्नीजवळ होते' असे आहे. नव्हते.

शुक्रवार, ९ जानेवारी २००४. दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी विस्तव विझला. तो बर्फाने विझला नाही आणि रेणूच्या झोपेने विझला नाही. गुरुनाथ यांनी विझवला.

शनिवार, २४ जानेवारी २००४. एडिसन येथील शोकसभा. विस्तव अखंड तेवल्याचे विधान येथे प्रथम केले गेले. विधान करणारे गुरुनाथ. विधान असत्य.

रविवार, ६ जानेवारी २००८ ते गुरुवार, १० जानेवारी २००८. विस्तव पुन्हा लावला. या वेळी अखंड. साक्षीदार पाच.

शुक्रवार, १ फेब्रुवारी २००८. रेणू बॉथेल येथे कामावर रुजू झाली.

सुलेखा गेल्याची तारीख, बॉक्स एल्डर येथून: गुरुवार, १० जानेवारी २००८. तू पहाटे म्हणतेस, अ‍ॅग्नेसबाई दुपारी म्हणतात. दोन्ही ठेवली आहेत.

सुलेखा गेल्याची तारीख, एडिसन येथून: ही जागा कोरी सोडली आहे. माझ्यामागे तू भर. दोन नोंदी कराव्या लागतील, तिची आणि माझी. तारीख एकच असेल.